पाण्यावरून ठाऊक असलेलं गाव

१२ नोव्हेंबर, बुधवार

पयले आली ते शेजारची कौसल्या, चपला उलट्या घालून. तिच्यामागं पोस्टमन, तो तर टपाल द्यायचंच विसरला. दोघाईचं एकच, घाटावर तीन पिवळ्या प्लास्टिकच्या डोंग्या लागल्या अन् त्यातून माणसं निघाली. मी वालाच्या शेंगा तशाच टाकून गेली. सून मंदा मागून म्हणे, आई, गुडघा. गुडघ्याचं काय, तो घरी बसूनबी दुखते.

नागपूरचे आहेत. वाघमारे सर, रिटायर मास्तर. त्याईच्या मालकीणबाई नलूताई. अन् एक दाढीवाला, तो बोलत नाही, फक्त खाते. सिवनीकडून वैनगंगेनं खाली येऊन राह्यले. दाढीवाल्याची डोंगी गोट्यावर घासून चिरली, तिले ठिगळ लावलं, ते वाळाले दोन दिवस. म्हटलं, तुम्ही काळ्या गोट्याच्या काठाकडच्या अंगानं आले असान, तिथं सारेच घासते. सर पाहतच राह्यले. मंग सांगतलं, बावीस वर्सं याच घाटावर डोंगा चालवला, मी अन् सुखदेवचा बाप, पूल होईपर्यंत. सर म्हणे, मंग तुम्ही आमच्यातल्याच.

आमच्यातल्याच म्हणे. मंदाले तीनदा सांगतलं हे. तिनं तिसऱ्यांदा भाताचं झाकण आपटलं.

म्हटलं, एकडाव मले बसवा त्यात. तेवढ्यात सु. आला (सुखदेव, माहा लेक, लाइटफिटिंगचं दुकान). मागच्या साली मी पायरीवरून घसरली तवापासून त्यानं घाट बंद केला मले. नदीत नाही म्हणे, गाव दाखव त्याईले, पायी. जुनं गाव पाहाचंच होतं त्याईले. बरं म्हटलं. गाव तर मले तोंडपाठ आहे.

१३, गुरुवार

तोंडपाठ नाही.

सकाळी नवं लुगडं नेसून निघाली. पुढं मी, मागं तिघं. जुना घाट दाखवाचा होता, गोंड राजाच्या काळचा म्हणतात, अन् महादेवाचं देऊळ. पाण्यातून पाह्यलं तर देऊळ कुठं, धोब्याचा गोटा कुठं, उंबराचं झाड कुठं, सारं डोळे मिटून सांगन. पण आम्ही गावात कधी फिरलोच कुठं. घाटावरून घर, घरून बाजार. बाकीचं गाव आयुष्यभर पाण्यावरूनच पाह्यलं. गल्लीत शिरली अन् नदीच दिसेना. नदी दिसेना तर धारेचं वरचं अंग कोणतं अन् खालचं कोणतं, कसं समजन.

एक म्हैस होती, कानात लाल गोंडा. तिच्यापाशी तीनदा आलो. तिसऱ्या वेळी ती उठून उभी राह्यली.

हे तिघंही तसेच. सर मोबाइल पाहून एकदा इकडं, एकदा तिकडं. नलूताई म्हणे, आम्ही पाण्यावर कधी चुकत नाही हो, जमिनीवर उतरलं का भांडतो. मंग भांडले बी. दाढीवाल्यानं समोसे आणले. मी एका दुकानवाल्याले विचारलं, धारेच्या खालच्या अंगाले जायचं तर कसं. तो म्हणे, अम्मा, लेफ्ट-राइट में बोलो. आता ते मले कोणी शिकवलं.

शेवटी एका भिंतीपाशी पोचलो, सारी गोवऱ्याईनं भरलेली. सर लय आदरानं फोटो काढत होते. एक बाई आली, म्हणे काय काढून राह्यले, हे देवळाचं मागचं अंग होय. समोरचं नदीकडं आहे, या बाजूनं रस्ता नाही.

मी मटकन खाली बसली. इतकी हासली का पदर तोंडात कोंबला. मंग म्हटलं, सर, मले पाण्यात न्या. तिथून सारं गाव दाखवतो. जमिनीवरून माह्याच्यानं होत नाही.

१४, शुक्रवार

सर अन् नलूताई दुकानात गेले, सु.ले विचाराले. मीबी गेली, वायरच्या बंडलावर बसली. सर नारंगी जॅकेट घेऊन गेलते, हे घातलं का माणूस बुडत नाही म्हणे. सु. ऐकून घेत होता. मी म्हटलं, काहून अडवतं रे, मी काय पयल्यांदा बसून राह्यली?

तो स्क्रू पिळाचा पेचकस ठेवून म्हणे, "आई, तू पडली तर मी काठावर उभा राहून पाहू काय? मले पोहता येत नाही."

मले वाटे गुडघ्यासाठी अडवते.

आमच्या घरचा पोरगा अन् पोहता येत नाही. आमीच पाण्यात उतरू नाही दिलं. बाप म्हणे, हा शाळेत जाईन, डोंगा नाही हाकणार. मी हौ म्हटलं होतं. दाढीवाला बाहेर उभा होता, तो आत आला अन् पयल्यांदाच बोलला. म्हणे, भाऊ, मलाही येत नाही, जॅकेटवर चाललंय. नलूताईनं कपाळाले हात लावला, तिलेबी आजच समजलं.

सु.नं जॅकेट घालून पाह्यलं. घालूनच चहा पेला. गिऱ्हाईक आलं, त्याले तसाच बल्ब दिला.

१५, शनिवार

गेले. त्याईच्या डोंग्या एकेका माणसाच्या, मी कुठं बसन. म्हणून आता तीन माणसाची मोठी डोंगी आणतो म्हणे सर, त्यात बसाले मी, ते अन् माहा लेक. सु. काठावर माह्या मागं उभा होता. हौ म्हटलं नाही, नाही बी म्हटलं नाही. पाण्यापासून दोन पायऱ्या वर होता. त्यातली एक पायरी तो आज उतरला, मी पाह्यलं.

ते धारेच्या खालच्या अंगाले वळाले तरी नलूताई वल्हं वर करून हालवत होती.

येतो म्हणाले ३० तारखेले, ऐतवारी.