बाटलीतल्या जिवाची पाचवी

गिरगाव, रविवार

तीर्थस्वरूप भाई व वहिनींच्या चरणी शरदचंद्राचा साष्टांग नमस्कार.

भाई, तुमची कंबर आता वाकू देते की नाही ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिणार होतो, पण नक्की काय आहे ते मलाच कळेनासे झाले आहे.

आपल्या नलूसाठी पाहिलेला कमलाकांत परळच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांत पाणी उकळतो, त्यात कसले कसले वायू सोडतो आणि वर विजेच्या ठिणग्या पाडतो. पृथ्वीवर पहिला जीव कसा आला ते शोधतो म्हणे. (याचा पगार मिळतो, मी विचारून घेतले.) परवा संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात खानावळी बंद, हा प्रयोग सोडून हलेना, म्हणून मी आणि सुमती डबा घेऊन पायी परळला गेलो. त्याने तपासायला थोडे पाणी एका बाटलीत काढून ठेवले आणि हात धुवायला गेला. प्रयोगाचा तो पाचवा दिवस. जीव जन्मायचा आहे म्हटल्यावर सुमतीने तिथल्या तिथे पाचवी पुजली. सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली आणि तुम्ही काशीहून आणलेल्या गडूतले गंगाजल (ती घराबाहेर पडताना शिशीत घेतेच) चमचाभर बाटलीत घातले. मी बूच हातात धरून उभा होतो. (कोणीतरी धरायलाच हवे होते.)

काल कमलाकांत धावत घरी आला. बाटलीत जीव वळवळतो आहे, उद्या सगळ्या प्रोफेसरांना बोलावले आहे, आणि हा नलूचा पायगुण म्हणून लग्नालाही तयार. आता खरे सांगावे तर मुलीचे जमलेले मोडते, न सांगावे तर त्या गरिबाचे चारचौघांत हसे होते. सुमती म्हणते, जीव आला ना, मग कुठून आला ते विचारू नये. पण त्याला पगार तेवढे विचारण्याचाच मिळतो. मला काही सुचत नाही. थोरले म्हणून तुम्हीच सल्ला द्यावा.

तुमचा आज्ञाधारक,
शरदचंद्र

ता. क. पाकीट चिकटवणार तोच कमलाकांत आला आणि नलूने त्याला सरळ सांगून टाकले. त्याने तिथेच बसून प्रोफेसरांना न येण्याची चिठ्ठी लिहिली. मग म्हणाला, "काका, या घरात खरं बोलणारी एकच दिसते. हिच्याशीच लग्न करतो." तेव्हा सल्ला नको.

आणखी ता. क. गडूतले उरलेले पाणीही त्याने नेऊन तपासले. असले किडे तुंबलेल्या विहिरीत होतात म्हणे. भाई, रागावू नका, पण तो गडू काशीत भरला होता की अलिबागला तुमच्या परसात? यात्रेनंतर मावंद्याच्या पंगतींत वाटले त्याचे सोडा, पण आईच्या तोंडात शेवटी तेच घातले होते, म्हणून विचारतो. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. सुमतीने गडू परत देवघरात ठेवला आहे.