सासूबाई कायद्यात बसत नाहीत

कोल्हापूर, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. शिरोलीच्या कारखान्यातून सुटल्यावर तशीच रिटर्न भरायला कर सल्लागाराकडे गेले. सासूबाईंच्या आरोग्य विम्याचा हप्ता दरवर्षी माझ्या पगारातून जातो; यंदा पहिल्यांदाच त्याची पावती नेली. आमच्या ह्यांचं उत्पन्न शेतीचं, त्यांना करच नाही. सल्लागारानं पावती बघितली.

"ह्या तुमच्या आई?"

"सासूबाई."

"मग वजावट मिळत न्हाय, मॅडम. सासू-सासरे कायद्यात बसत न्हाईत."

बसत नाहीत म्हणे! पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेल्यापासून रोज सकाळी वेणी कोण घालतं? घास कोण भरवतं? कायदा येतो काय?

वाटेतून ह्यांना फोनवर सांगितलं, तर ह्यांनी लगेच पुण्याला भावाला कळवलं. घरात पाय टाकते तोवर भावजींचा फोन. "वहिनी, पावती माझ्या नावावर करून घ्या की. मी मुलगा हाय, मला वजावट मिळती."

दिवाळीला तोंड दाखवणारा मुलगा! मी म्हटलं, "मग हप्ताही तुमच्याच खात्यातून भरा." तर म्हणाले, "बघू की."

फोन स्पीकरवर होता, सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. डाव्या हातानं फोन मागून घेतला आणि जड जिभेनं म्हणाल्या, "औंदापासनं हप्ता तूच भरायचास. वजावट तुझी, आन् मी हिची."

भावजी हो म्हणाले. हप्ता वाचला म्हणून हे खूश. मी नाही. हप्ता मला कधी जड झाला नव्हता. रिटर्नमधल्या वजावटीच्या रकान्यात ह्या माझ्या आहेत, एवढंच लिहायचं होतं.