बाजरीत रोवलेला फोन

रविवार, १ फेब्रुवारी

आज वारूळवाडीला मुक्काम हलवला. मी, माझी नात समृद्धी, तिचा लॅपटॉप, बाजरीचं गठुळं आणि माझा धान्य मोजायचा पितळी शेर. शेर कशाला नेताय म्हणून सुनेनं नाक मुरडलं. तिचं काय जातंय. माझ्या हाताला माप लागतं, प्लास्टिकचे मग लागत नाहीत.

खोली झकास आहे. खाली पोपटलालशेठचं भांड्यांचं दुकान, वर आम्ही. बाहेरच्या खोलीत टेबल, खुर्ची, खाट. आत स्वयंपाकाची खोली, मधे दार. खिडकीतून द्राक्षाची बाग दिसते. नळाला पाणी आहे आणि फोनला रेंज आहे. रेंजसाठीच तर आलो. आमच्या खोडदला आभाळाचं ऐकणारे दुर्बिणीचे ते लोखंडी तवे पसरलेत. त्यांच्यामुळं की आमच्या नशिबामुळं कोण जाणे, पण वस्तीवर फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. टाकीवर बसून कुणी परीक्षा देतं का?

परीक्षा घरबसल्या आहे. पोरीनं खोलीत एकटीनं बसायचं. समोर लॅपटॉप, बाजूला फोन, म्हणजे तिचे हात दिसले पाहिजेत. कुठंतरी लांब एक मॅडम बसून हे सगळं बघणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं की ताकीद. तिसऱ्या ताकिदीला पोरगी बाद, कायमची. पास झाली तर पुण्यात नोकरी ठरल्यात जमा आहे. नाही तर माझा लेक आदेश घोडेगावच्या पाव्हण्यांना हो म्हणून बसणार. तो मुलगा मी बघितलाय. तोंड उघडं टाकून टीव्ही बघतो.

परीक्षेच्या वेळी मी आतल्या खोलीत गप बसायचं. आवाज झाला तरी ताकीद. मला गप बस म्हणणं म्हणजे नदीला सरळ वाहा म्हणणं. म्हणून समृद्धीनं ही डायरी हातात दिली. म्हणाली, "आजी, जे बोलावंसं वाटेल ते लिही." चौथीपर्यंत शिकलेय. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, पण वाचायला कोण येतंय.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज फोन तयार केला. आदेशचा जुना फोन. कॅमेऱ्याच्या भिंगावर पीठ आणि हळद सुकून बसलेली. ह्या घरात फोन म्हणजे उलथनं झालाय. मऊ फडक्यानं पुसला, कव्हर काढलं. आत जागा नाही म्हणत होता. उघडून बघतो तर शुभ सकाळची गुलाबाची चित्रं ठासून भरलेली. ती पुसायलाच समृद्धीची दुपार गेली. मग मधेच फोन वाजू नये म्हणून वाजणं बंद केलं, पडदा आपोआप झोपू नये असं केलं, चार्जर लावून ठेवला. पोरगी शहाणी आहे, सगळं लिहून घेऊन एकेक करते.

अडलं ते स्टँडपाशी. ऑनलाइन मागवलेलं स्टँड लग्नात दारू प्यालेल्या पाव्हण्यासारखं मान टाकतं. फोन घसरला तर हात दिसणार नाहीत, हात दिसले नाहीत तर ताकीद. मी म्हटलं बाजूला हो. शेर बाजरीनं भरला, त्यात फोन आडवा रोवला, शेर पाटावर, पाट स्टुलावर. हलेल तर शपथ. आतल्या दाराला लागूनच ठेवला. दाराच्या फटीतून मला फोनचा पडदा दिसतो आणि पडद्यात पोरगी.

नवी वस्तू मांडली की हळदकुंकू लागतंच. ट्रॅक्टरला लावतो, मोटारीला लावतो, ह्यानं काय पाप केलंय? अंगठा ओला होता, कुंकू तिरकं ओघळलं. दिवा लावला आणि गमतीनं म्हटलं, "बस गं बाई इथं, आन माज्या पोरीवर नजर ठेव. ती उठंस्तवर तू उठू नको."

समृद्धी हसून लोळायची बाकी. म्हणाली, "आजी, बसवलंस कुणाला? नाव तरी घे."

मी म्हटलं, "येईल ती. नोकरीला माणसं कमी हायत व्हय?"

बुधवार, ४ फेब्रुवारी

पहिला पेपर झाला. मॅडम हिंदीत बोलते, आवाज असा की जणू आपण तिच्याकडं उधार मागायला गेलोय. आधी फोन उचलून चारी भिंती दाखवायला लावल्या, खाटेखालीही. तिला काय वाटलं, मी खाटेखाली मास्तर लपवलाय?

अर्ध्या पेपरात म्हणाली, पीछे खाट पर कौन बैठा है. समृद्धी म्हणाली कुणी नाही. मॅडम म्हणाली दिखता है. पहिली ताकीद.

पेपर झाल्यावर बघितलं. खाटेवर माझी गोधडी घडी करून ठेवलेली. गोधडीला माणूस म्हणणारी बाई आमच्या पोरीला पास-नापास करणार. गोधडी आत आणून टाकली.

शेरातली बाजरी जरा खाली बसलीय. उंदीर असतील. मारवाड्याच्या घरात उंदरालाही दुसऱ्याचंच धान्य गोड लागायचं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

खाट झाडली. बाजरीचा कोंडा निघाला, मुठीत मावेल एवढा. उंदीर दाणा पळवतो, खाटेवर बसून सोलत नाही. समृद्धीला विचारलं, तू कच्ची बाजरी खातेस का. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच येडी.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

दुसरा पेपर चालू असताना मी फटीतून बघत होते. पडद्यात खाटेवर बाई बसलेली. डोक्यावरून पदर, पाठ ताठ, ओंजळीत काहीतरी, त्यातून एकेक दाणा तोंडात टाकत होती. माझ्या मनात पहिलं आलं की घरमालकीण प्यारीबाई चुकून वर आली. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. ओरडता येईना, दार उघडता येईना. मॅडमनं दुसरी ताकीद दिली. समृद्धी मागं वळून बघत होती. तिला खाट रिकामी दिसत होती.

पेपर संपल्यावर खाली गेले आणि प्यारीबाईला पोपटलालशेठच्या देखत धुतलं. माझ्या नातीचं वाटोळं करायला भाड्यानं खोली दिली का, म्हणाले. त्या बिचारीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजी, मी सकाळपासून जैन स्थानकात प्रवचनाला होते, आत्ता येऊन कपडे बदलले. आणि घरात मी पदर कुठं घेते, मी तर गाऊनवर असते." खरंच गाऊनवर होती, वर हत्ती छापलेले.

वर येताना जिन्यात आठवलं. त्या बाईच्या कपाळावर कुंकू होतं. तिरकं ओघळलेलं. मी फोनला लावलं तसं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. चूक माझीच. धान्यावर ठेवलं, पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, दिवा लावला, बस म्हटलं. हे मांडणं झालं. मांडताना कुणाला बसवतोय ते नाव घ्यायचं असतं. देवी म्हणा, सटवाई म्हणा. मी नाव घेतलं नाही. मोकळा पाट दिसला, जी कुणी जवळपास रिकामी हिंडत होती ती येऊन बसली. कुठली भिकारडी, कुणास ठाऊक. कच्ची बाजरी खाते म्हणजे तिला दाराशी कुणी शिजलेलं वाढलं नसणार.

मांडलेलं उठवायचं असतं. सकाळी अंघोळ करून अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला आणि म्हटलं, "ये बाई परत." आता उठवताना हेच म्हणायचं असतं. घरातून निघालेल्याला कुणी जा म्हणतं का? आमची जीभच वळत नाही. शब्द तोंडातून गेल्यावर समृद्धी म्हणाली, "आजी, तू तिला परत बोलावलंस."

मी म्हटलं, गप बस, रीत आहे ती.

शेरातली बाजरी गच्चीवर पारव्यांना टाकली. पारवे खाली उतरले, बघितलं आणि उडून गेले. एकानंही चोच लावली नाही. फोन आता प्यारीबाईच्या स्टीलच्या डब्याला टेकवून दोरीनं बांधलाय. कुंकू पुसलं. पडद्यात खाट रिकामी दिसते. गेली म्हणायची मेली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

तिसरा पेपर. ताकीद नाही. खाट रिकामी. मॅडम एवढी खूश की गुड म्हणाली.

पण पेपर संपला तरी समृद्धी खुर्चीवरून उठली नाही. पाय झोपलाय म्हणाली. चहा दिला, उठली नाही. दिवेलागण झाली, खुर्चीवरच. तोंड हलत होतं. विचारलं काय खातेस, तर तोंड मिटून घेतलं.

मी हाताला धरून ओढलं तेव्हा उठली. उजेडात बघितलं. कपाळावर तिरकी लाल रेघ. साबणानं घासली. जात नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी म्हटलं, चल खोडदला. गेली नोकरी तर गेली. समृद्धी रडली. रडताना ती तिच्यासारखीच रडते, नाक ओढत, नखं खात. म्हणून थांबले. म्हणाली, "एकच पेपर, आजी. तो घोडेगावचा मुलगा नको गं मला." कपाळावरची रेघ केसांनी झाकून घेतली.

गठुळ्यातली बाजरी अर्ध्यावर आलीय.

माझ्या हयातीत सासू सांभाळली, दीर सांभाळले, ही कोण लागून गेली. उद्या कोयता जवळ घेऊन बसते.

बुधवार, ११ फेब्रुवारी

शेवटचा पेपर चालू आहे. फटीतून बघतेय. कोयता मांडीवर, डायरी गुडघ्यावर.

मॅडमनं चेहरा तपासला. आधी म्हणाली जुळत नाही. मग जरा वेळानं म्हणाली जुळला. आप अकेली हैं, बहुत अच्छा.

जुळला कुणाशी —

पडद्यात खुर्चीवर पदरवाली बसलीय. लॅपटॉपवर भराभर बोटं चालवतेय. खेड्यातली भिकारडी, हिला कुणी शिकवलं —

आणि खाटेवर समृद्धी. हात मांडीवर. फोनकडं बघतेय. तोंड उघडतेय, आवाज नाही. आजी म्हणतेय. माझं नाव तर ओठांवरून कळतं मला.

बाहेरच्या खोलीत गेले तर तिसरी ताकीद. नोकरी गेली, वर्ष गेलं, ते घोडेगावचं तोंड दारात —

जाऊ दे खड्ड्यात. चालले.

 

बाहेर आले. कोयता घेऊन, फोनच्या पुढ्यात. ओरडले. मॅडमला ऐकू गेलं नाही. ताकीद नाही. मी एवढी धिप्पाड बाई कॅमेऱ्यासमोर उभी, आणि ती म्हणते आप अकेली हैं, पंद्रह मिनिट बाकी.

डोळ्यांना खुर्चीवर समृद्धी दिसते. खाट रिकामी दिसते. पण फोनमधे तसं नाही. मी फोनवर विश्वास ठेवला. खाटेवर जाऊन बसले. चाचपलं.

हाताला हात लागला. घामेजलेला, नखं खाल्लेला. माझ्या पोरीचा. धरून ठेवलाय. डाव्या हातात तो, उजव्या हातानं हे लिहितेय. सोडणार नाही. बघू कोण सोडवतंय.

उठता येत नाही. पाय झोपलेत. मांडीवर बाजरी आहे, कुणी टाकली —

पेपर संपला. थँक्यू म्हणाली ती टवळी मॅडम. पोरगी पास होणार म्हणे, एवढं चांगलं —

खुर्चीवाली वळली. माझ्या नातीचंच तोंड, दातात कोंडा. हसतेय. उठली. माझ्याच बोलण्यात, माझ्याच आवाजात म्हणतेय, मेली, माझेच शब्द मला —

बस गं बाई इथं. आन माज्या पोरीवर नजर ठेव. ती उठंस्तवर तू —