परातीतला मोठा तुकडा

प्रिय आई,

तुझ्या इलियासचा रबातहून सलाम. मी मजेत आहे, गुडघाही दुखत नाही. बाबांचा खोकला थांबला का?

बुधवारच्या मॅचमध्ये माझ्या चुकीच्या पासमुळे आपल्यावर गोल झाला, ते तुम्ही पाहिलंच असेल. "बेल्जियमला परत जा" असं लोक ओरडले. तू मनाला लावून घेऊ नकोस. दोन पासपोर्ट असताना मोरोक्कोची जर्सी मी आपणहून निवडलीय.

शुक्रवारी आम्ही सगळे एका परातीभोवती कुसकुस खायला बसलो. मी मान खाली घालून माझ्यापुढचं गाजर चिवडत होतो. तेवढ्यात कोच बूश्तांनी मधला मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवला.

"खा रे. रविवारी पहिल्या मिनिटापासून तूच खेळणार आहेस."

"अहो, पण लोक..."

"संघ लोक निवडतात की मी? खा गुपचूप! मला मटण पचत नाही."

माझे डोळे भरून आले. बरं झालं, परातीतून वाफ येत होती.

संध्याकाळी बघतो तर काय, कोच मटणाच्या कबाबांवर ताव मारत होते! तेव्हा तू आठवलीस. दर शुक्रवारी तूही मटण माझ्याकडे सरकवायचीस आणि 'मला पचत नाही' असंच म्हणायचीस.

आई, तुलाही मटण आवडतं ना गं?

तुझ्या हातांचे मुके घेतो.

इलियास