तुरीच्या टरफलाचा ब्रेक

नांदेड, ३ फेब्रुवारी २०२५

ति. नागप्पामामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या दुकानातल्या ग्राइंडरशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही डाळमिलमधून पाठवलेल्या तुरीच्या टरफलांची भुकटी केली, त्यात रेझिन आणि तंतू घालून ब्रेक लायनरचे तुकडे दाबले. दिसायला इतके देखणे, की मैत्रिणींत मिरवले. मग फिरत्या चकतीवर टेकवले. आधी बरे चालले, पण दोनशे अंशांवर तापले आणि पकड पार सुटली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर भुकटी आणि रेझिन एकमेकांना धरतच नाहीत, मध्ये नुसत्या फटी.

सर म्हणाले, वीस तारखेच्या परीक्षणातही असंच झालं तर टरफलांचा विषय बंद. म्हणजे माझं एम.टेक.चं वर्ष गेलं. मामा, मला रडू येतंय. तीस वर्षं तुम्ही रिक्षांना लायनर बसवताय, काही सुचतं का बघा. रेणुकामामींना नमस्कार. माया तर आहेच, सोबत थोडी युक्तीही पाठवा.

तुमची भाची,
तनुजा

लातूर, ७ फेब्रुवारी

चि. तनुजास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि दुकानातच कपाळावर हात मारून घेतला. अगं, टरफल सुटावं म्हणून मिलमध्ये भरडायच्या आधी तुरीला तेल चोळतात. लातुरात जन्म गेला, मला ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं सांगू? लायनरला तेलाचं बोट लागलं तरी मी रिक्षावाल्यांवर खेकसतो आणि भाचीला तेलकट टरफलांचं पोतं मीच धाडलं. तुझी मामी इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली.

मुरुडच्या धुरपताबाई अजून घरी जात्यावर डाळ भरडतात. तूर नुसती पाण्यात भिजवून वाळवायची, तेलाचा थेंब नाही. त्यांच्याकडे गेलो तर म्हणाल्या, टरफल म्हशीचं हाय, ब्रेकाला द्यायचं न्हाई. शेवटी त्यांच्या जावयाच्या रिक्षाला लायनर बसवून दिले, तेव्हा कुठं चार किलो सुटलं. आजच्या एसटीनं पाठवतोय, स्टँडवर जाऊन उतरवून घे. तू घाबरू नको, घाबरायचं काम माझं. राग उतरला की लोभ पुन्हा सुरू कर.

तुझा,
नागप्पामामा

नांदेड, २१ फेब्रुवारी

ति. मामांस सा. न.

पकड टिकली, मामा. तीनशे अंशांपर्यंत टिकली. नवे तुकडे आतून भरीव, रेझिननं कण न् कण घट्ट धरलेला. काल परीक्षण पार पडलं, वर्ष वाचलं. मी लॅबमध्ये नाचले, सर बघत होते तरी नाचले.

आता एक कबुली. परीक्षकांनी विचारलं, आधीचे तुकडे का घसरले. मी डाळमिलच्या तेलाची हकिगत सांगितली. ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, दोन्ही नमुने अहवालात शेजारीशेजारी दाखवा. टरफल तेच असून आतली बांधणी बिघडली की ब्रेक कसा जातो, ते इथं स्वच्छ दिसतं. नमुन्यांना नावं देणं भाग होतं. टिकला तो धुरपता. घसरला तो नागप्पा. तापमान वाढेल तशी दोघांची पकड दाखवणाऱ्या आलेखाची प्रत सोबत जोडली आहे. रागावलात तरी लाड कमी करू नका.

तुमची आगाऊ भाची,
तनुजा

लातूर, २६ फेब्रुवारी

चि. तनुजास आशीर्वाद.

आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मुरुडलाही देऊन आलो. धुरपताबाईंनी विचारलं, दुसरा नमुना कोण? मी म्हशीची चौकशी केली.

राग कसला येतोय? तुझा आलेख चौकट करून दुकानात लावला. वरची रेघ धुरपता, सरळ चाललेली. खालची नागप्पा, दोनशेवर धाडकन आपटलेली. काल एक रिक्षावाला तेलकट हातानं नवा लायनर उचलायला गेला. मी खेकसायच्या आत त्याची नजर भिंतीवर गेली. त्यानं विचारलं, हा नागप्पा कोण. मी छाती काढून सांगितलं, मीच, तेलानं घसरलेला. तो नळावर गेला आणि साबणानं हात धुऊन आला. तीस वर्षं ओरडलो, पण आजवर एकानंही हात धुतले नव्हते गं.

मामीचे आशीर्वाद आहेतच.

तुझा, भिंतीवर घसरलेला,
नागप्पामामा