ऑर्विनच्या रायफलचे सहा इंच

१४ मार्च

परत नेम चुकला! तळ्याच्या काठावर कोल्हा बसलेला, अगदी निवांत. ऑर्विननं पिकअपच्या खिडकीतून नळी बाहेर काढली, श्वास धरला — आणि गोळी गेली चिखलात. मेल्यानं वळून पाहिलंसुद्धा! मग गेला आपला टेकाडामागं, घाई न करता.

मी थर्मासमधली कॉफी ओतली. इतक्या वर्षांच्या संसारात कधी गप्प बसायचं तेवढं तरी कळतं.

"नळी लांब आहे," ऑर्विन म्हणाला. "सव्वीस इंच म्हणजे काय! खिडकीत अडकते, पुढून जड पडते. कापायला हवी."

नळी म्हणे! ह्याच नळीनं ह्याच माणसानं पळते कोल्हे टिपलेत. जानेवारीत डॉक्टर 'कंपवात' म्हणाले, तेव्हापासून तो शब्द ह्या घरात कुणी उच्चारलेला नाही. पण सकाळी टेबलावर सांडलेली कॉफी मीच पुसते ना.

१६ मार्च

बिलिंग्जहून कॅरलचा फोन. "आई, ह्या वर्षी मेंढ्या व्यायच्या आधीच विकून टाका. पहाटेची राखण बाबांना जमणार आहे का आता?"

पोरीचं चुकतंय असं नाही. राखणदाराचा नेम गेला तर आमची कोकरं म्हणजे कोल्ह्यांसाठी वाढलेलं ताट. पण मेंढ्या गेल्या तर हा माणूस करणार काय? खिडकीशी बसणार. बसून बसून खचणार. मी म्हटलं, "ठेव फोन, पाव करपतोय." काही करपत नव्हतं.

एका जागी बसवत नाही आज. दोनदा गोठा झाडला.

१९ मार्च

गावात मर्लकडे. बंदुकांचं काम आमच्याकडे तोच करतो. शेजारचा डुएन आधीच तिथं टेकलेला — कॉफी फुकट मिळते ना!

"नळी कापतोस?" डुएन ओरडलाच. "अरे, एवढीशी गोळी, तिची सगळी मिजास वेगावर! नळी तोकडी केलीस तर दारू जळायला जागा कुठं? कोल्हा तुझी गोळी दातात धरून परत आणून देईल!"

मर्ल हसला नाही. "एकदम कापू नकोस. दोन-दोन इंच कापू. दर वेळी वेग मोजून ये. कापलेलं परत चिकटवता येत नाही, बाबा."

दोन इंच कापले. कापलेलं तोंड यंत्रावर घासून गुळगुळीत करून दिलं, नाहीतर गोळी भरकटते. पडलेला तुकडा ऑर्विननं उचलून खिशात घातला. का कुणास ठाऊक.

२० मार्च

खडीच्या खाणीत वेग मोजला. रायफल वाळूच्या पिशव्यांवर, पुढं ते मोजायचं यंत्र. काडतुसं मी भरलेली. ती हल्ली मीच भरते, स्वयंपाकघराच्या टेबलावर, काट्यावर दारू तोलून. त्याच्या हातून दारू सांडते.

सेकंदाला सत्तर फूट कमी! म्हणजे साडेतीन हजारांच्या वर आहेच अजून. कोल्ह्याला डोंबल फरक पडतोय! पण ऑर्विन आकड्याकडे बघतच राहिला. जेवला नाही. ताटली सरकवून म्हणाला, "सगळंच उतरत चाललंय, लोटी."



२६ मार्च

आणखी दोन इंच कापले. आणि मी — लिहून टाकते एकदाचं — काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या मापापेक्षा कणभर दारू जास्त घातली. प्रत्येक काडतुसात.

यंत्रावर आकडा आला, नळी अख्खी होती तेव्हा यायचा तोच. "अरेच्चा!" ऑर्विन म्हणाला. परत उडवली. परत तोच आकडा. डुएन मजा बघायला आला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "चार इंच गेले आणि वेग तेवढाच? ऑर्विन, लेका, जादू केलीस काय?"

घरी येऊन ऑर्विननं दोनदा वाढून घेतलं.

२७ मार्च

केलं ते केलं. हसला ना तो.

२ एप्रिल

तिसरं कापणं. वीस इंच राहिली नळी. मी आणखी थोडी दारू वाढवली होती.

गोळी सुटली आणि बोल्ट — काडतूस आत बसवून नळी मागून बंद करायचा तो दांडा — उघडेना! तळव्यानं ठोकून उघडावा लागला. रिकामं काडतूस बाहेर पडलं, त्याच्या बुडाची टोपी दाबून पार चपटी झालेली. दाब जास्त झाला की असं होतं, ते मलाही ठाऊक आहे आणि त्यालाही. ऑर्विननं ते उचललं, बराच वेळ निरखलं, खिशात टाकलं. "थंडीनं अडकला असेल बोल्ट," म्हणाला. कसली थंडी? जॅकेटं काढून बसलो होतो आम्ही!

आणि त्याचा गाल कुठं होता? त्याच बोल्टाला चिकटून. जरा अजून दारू घातली असती तर फुटून तोंडावर आलं असतं सगळं!  

४ एप्रिल

कापायचं वेडच लागलंय. आज खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्यावर करवत! चांगला बोटभर तुकडा काढला.

"लोटी, धर बघू जरा. पट्टा कुठं लावू ते कळत नाहीये."

धरली. "आता पिकअपमध्ये बसून धर." बसले. "अंहं, डाव्या हातानं पुढं धर." मी वैतागले. "माझ्या चुलीवर वाटाणे आहेत! पट्टा तुझ्या गळ्यात लावायचाय की माझ्या?" त्यानं दस्त्यावर पेन्सिलीची खूण केली.

सांगायला हवं त्याला. तोंड उघडते आणि भलतंच बोलते.

५ एप्रिल

डुएन दारात. कॅफेत सगळ्यांना सांगत सुटलाय म्हणे, नळी कापली तरी वेग जात नाही! स्वतःचीही कापून आणलीन. "माझी मात्र मेली मंदावली. वहिनी, तुमच्या हातची मूठभर काडतुसं द्या की."

 "नाहीत," मी म्हटलं आणि दार लावलं. धाडकन.

बाहेरून आवाज आला, "चिडल्या काय वहिनी? मी कोकरू मागितलं का!"

दिली असती तर माझं खोटं आता डुएनच्या गालाशी जाऊन बसलं असतं. आणखी कुणाकुणाच्या, देव जाणे.

६ एप्रिल

सांगितलं. जेवताना, एका दमात. रडले थोडी.

ऑर्विननं खिशातून ते चपटं काडतूस काढलं आणि मिठाच्या बाटलीशेजारी उभं केलं. दोनदा पडलं त्याच्या हातून, तिसऱ्यांदा राहिलं.

"तुला माहीत होतं?"

"बघत होतो, किती दिवस पोटात ठेवतेस."

"आणि मी तुझा डोळा घालवला असता म्हणजे!"

"हो. वेडी आहेस," म्हणाला. "पण ह्यापुढं एक कणही जास्त नको. शपथ घे." असा कडक आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला.

मग त्यानं डुएनला फोन लावला. "अरे, मी यंत्रच चुकीचं लावलं होतं. हो, हो, म्हातारा झालोय. हस." पलीकडून डुएन इतका हसत होता की मला चुलीपाशी ऐकू येत होतं. ऑर्विननं माझं नाव नाही काढलं.

७ एप्रिल

ती सगळी काडतुसं खोलली, पुस्तकातल्या मापानं नवी भरली, परत खाणीत गेलो. सहा इंचांना मिळून सेकंदाला दोनशेच्या आसपास फूट गेले. एवढंच! एवढ्यासाठी मी जिवाशी खेळ मांडला होता.

वाटलं, आता हा पुन्हा ताटली सरकवणार. कुठलं काय! "उरलेत ते पुरे आहेत," म्हणाला आणि शीळ घालत पिशव्या उचलायला लागला. हसावं की रडावं कळेना.

८ एप्रिल

पहाटे ऑर्विननं पिकअपची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः पलीकडून चढला. तळ्यापाशी रायफल माझ्याकडे दिली. "उचल."

उचलली. जन्मभर मला ती लांब पडायची, जड व्हायची. आज दस्ता खांद्यात बसला, हात ताणावा लागला नाही, नळी खिडकीत अडकली नाही. पहिल्या दिवसापासून माझ्या मापानं कापत होता!

"कॅरलला कळव, मेंढ्या विकायच्या नाहीत," तो म्हणाला. "कोकरं मी बघेन, कोल्हे तू. म्हणून शपथ घातली तुला. आता त्या बोल्टाशी गाल तुझा असणार."