उघड्या खुर्चीची साक्ष

प्रिय भोपळ्या,

पन्नाशीला टेकलास तरी मी तुला याच नावाने हाक मारणार, उगीच तोंड वाकडं करू नकोस. तुझं पत्र मिळालं. गुरुवारी विधानभवनात आपल्या विधेयकाच्या मतदानाला येतोस, वर प्रेक्षकांच्या सज्जात बसून सगळं डोळ्यांनी बघतोस, धुलाईघराच्या मालकाकडून सुट्टीही घेतलीस आणि निळा शर्ट स्वतः इस्त्री करून ठेवलास. हे वाचून मी खरं तर उडी मारायला हवी होती. मी काय केलं, तर पत्राची घडी घातली, शिवणयंत्राच्या खणात टाकली आणि खण लावून टाकला. मग चिडून उघडला आणि पुन्हा वाचलं. असं का, ते सांगते, पण शेवटपर्यंत वाच आणि मध्येच उठून मला फोन करू नकोस. फोनवर मला बोलता येत नाही. माझी जमीन म्हणजे मालकीणबाईंचं छत, आणि छत लाकडी आहे. मी वर शिंकले तरी खाली कळतं.

तुला हे मी काय सांगायचं म्हणा. सुटून आलास तेव्हा जेमतेम आठवडा काढलास माझ्याकडे, चपला हातात घेऊन जिना चढत. मी कामावर गेले की नळ सोडायचा नाही, खोकला आला की उशीत तोंड खुपसायचं. एवढी वर्षं बंद कोठडीत काढलीस आणि माझ्या घरी येऊन स्वतःच स्वतःला कोंडून घेतलंस. शेवटी खिडकीत धुऊन पालथे ठेवलेले दोन कप बघून बाईंनी ओळखलं. भाडेकरारात स्पष्टच आहे, शिक्षा झालेल्या कुणालाही घरात ठेवता येणार नाही. तू पिशवी उचललीस, मला म्हणालास की ताई, तुझं तरी छप्पर राहू दे. त्या गोदामात तू शिरलास, चौकीदाराचं डोकं फुटलं, तेव्हा मी तुझी बाजू घेतली नव्हती आणि आजही घेणार नाही. पण त्याची शिक्षा तू पुरती भोगलीस. मग ही वरची शिक्षा कोण कुणाला देतंय, हे मला कुणी सांगत नाही.

आपली प्रार्थनासभा या कायद्यासाठी झटते आहे ती याच एका प्रश्नासाठी. शिक्षा पुरी केलेल्या माणसाला तेवढ्याच कारणावरून घर, काम किंवा मत नाकारायचं नाही, एवढीच मागणी. देवाने ज्याला दार उघडलं त्याला आपण बाहेरून कडी घालायची नाही, असं घड्याळकाका म्हणतात. हो, तेच आपले निमंत्रक, मौनप्रार्थनेत हळूच बाही सरकवून घड्याळ बघणारे. म्हातारे झालेत, पण आमदारांच्या दारात आमच्या पुढे चालतात. आम्ही दोघादोघांनी जातो. एकाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं शेजारी बसून मनात प्रार्थना करायची. एकदा मी अशी डोळे मिटून बसले होते तर आमदारांचा सचिव घाबरला, पाणी घेऊन आला आणि बाईंना घेरी आली का म्हणून काकांना विचारू लागला. काका म्हणाले, नाही, त्या तुमच्यासाठीच बसल्यात. तो आणखीच घाबरला.

इतकं हिंडून पदरात काही पडत नव्हतं. समितीत विधेयक अडकलं होतं आणि अडवणारे होते ते फौजदारसाहेब. पूर्वी पोलिसात होते, आता आमदार आहेत, पण बघतात अजून तसंच, समोरच्याने काहीतरी चोरलंय असं. म्हणून जाहीर सुनावणीला मी तुझी खुर्ची न्यायची असं ठरलं. आपल्या सभेत गैरहजर माणसाची खुर्ची उघडी ठेवतात, त्याची एखादी वस्तू तिच्यावर ठेवतात आणि तो येईपर्यंत तिथे कुणी बसत नाही. मेलेल्याची खुर्ची मिटून भिंतीला लावतात. आई गेली तेव्हा तू आत होतास, तिची मिटताना मीच होते. तुझी मात्र पकडला गेलास त्या आठवड्यापासून उघडी आहे, सुटल्यावरही तू सभेला परत आला नाहीस म्हणून अजून तशीच, पाठीवर आईने विणलेला तुझा तपकिरी स्वेटर. तीच लोखंडी घडीची खुर्ची, एक पाय आखूड असलेली, जिच्याखाली तू पुठ्ठ्याचा तुकडा सारायचास आणि तरीही जी भर प्रार्थनेत कुरकुरायची. विधानभवनाच्या फाटकावर रखवालदारांनी ती उलटीपालटी करून तपासली, बिचारी तिथेही कुरकुरली.

आत प्रत्येकाला बोलायला अगदी थोडा वेळ मिळतो, समोर एक दिवा असतो, तो लाल झाला की ध्वनिक्षेपक आपोआप बंद पडतो. मी घोकून गेले होते, पण उभी राहिले आणि आधी खुर्चीच उघडून ठेवली. म्हटलं, ही माझ्या भावाची खुर्ची. तो सुटला, दारोदार जागा मागत फिरला, कुणी दिली नाही. थंडी आली, बसथांब्यावर झोपला, छातीत कफ झाला. आम्हाला कळलं तेव्हा त्याला बेशुद्धच दवाखान्यात नेलं, आणि… आणि दिवा लाल झाला. पुढे सांगायचं होतं की तू वाचलास, आता गावाबाहेर एका धुलाईघरात हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करतोस आणि मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांमागे झोपतोस, कारण मालक भला असला तरी खोली कुणी देत नाही. ते राहिलंच. माझे ओठ नुसतेच हलत होते. तेवढ्यात समितीच्या अध्यक्षबाई चष्मा काढून उठल्या, मग सगळेच उठले, फौजदारसाहेबसुद्धा, आणि माना खाली घालून गप्प उभे राहिले.

आता तू आपलाच आहेस म्हणून तुला हे समजेल, बाहेरच्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. आम्हाला वाटलं ते आपल्यासारखी प्रार्थना करताहेत! काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला इतका आनंद झाला भोपळ्या, वाटलं देवच उतरला त्या खोलीत. आणि मौन संपलं की आपल्यात बोलत नाहीत, मान लववून निघून जातात. तशी मी खुर्ची मिटली, बगलेत मारली आणि मान लववून बाहेर आले. हो, त्यांच्यासमोर मिटली, दारातून न्यायला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, दिवंगत भावाची खुर्ची घेऊन बहिणीची साक्ष. मी कपाळावर हात मारून घेतला. ते माझ्या भावासाठी नव्हे, मेलेल्या माणसासाठी उभे होते. आणि त्या मेलेल्या माणसाच्या जोरावर विधेयक समितीतून एकमताने पुढे गेलं. फौजदारसाहेबांनी स्वतः हात वर केला.

मी तडक काकांकडे गेले. त्यांनी सभा बोलावली. आपल्या रीतीप्रमाणे सगळे गप्प बसलो, ज्याला आतून बोलावंसं वाटेल त्याने उठायचं. कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही, कारण डोळ्यांसमोर तूच होतास, त्या गाठोड्यांमागे. शेवटी काकांनी घड्याळ पाहिलं आणि ठरलं की आपण खोटं बोललो नाही, त्यांचा गैरसमज झाला, मतदान होऊन जाऊ दे, मग सांगू. त्यांचंही सगळं खोटं म्हणवत नाही मला. तुझ्यासारखे कितीतरी जण बाकड्यांवर आणि वळचणीला पडलेत, त्यांची दारं एका दुरुस्तीपायी बंद करायची का, हा त्यांचा सवाल. 

मग सुरू झालं माझं सुतक. शिवणकामाच्या दुकानात मालकाने सुट्टी देऊ केली, बरोबरीच्या बायका पाठीवरून हात फिरवू लागल्या. आणि कोण आलं असेल सांग माझ्याकडे गरम डबा घेऊन? मालकीणबाई! माझ्या खाटेच्या कडेवर बसून रडल्या. म्हणाल्या, आधी कळलं असतं तर चार दिवस राहू दिलं असतं हो बिचाऱ्याला. खरंच रडल्या, नाटक नव्हतं. मला त्यांच्या अंगावर तो डबा फेकावासा वाटला आणि मी काय म्हटलं, तर आभारी आहे. जिवंत होतास तोवर तुला जिन्यावर पाऊल टाकता येत नव्हतं, मेलास म्हटल्यावर माझ्या घरात तुझ्या नावाचे गोडवे. तुझा सदरा उसवलेला म्हणून ठेवून गेला होतास ना, तो शिवून, धुऊन झाला, पण लोक बघतील म्हणून बाहेर वाळत घालता येईना. रोज कुणीतरी वाटेत थांबवायचं आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. घुसमट म्हणजे काय ते मला या दिवसांत कळलं. वाटायचं, कायदा झालाच तर तुला घर मिळेल, पण राहायला येणार कोण? तू तर गेलेला.

परवाच्या सभेला एक वार्ताहर मुलगी आली, खुर्चीचं छायाचित्र हवं म्हणून. चांगली पोर होती, डोळे उघडे ठेवून बघणारी. भिंतीला लावलेली आईची खुर्ची तिने पाहिली आणि विचारलं, ही मिटलेली कुणाची, आणि गेलेल्या भावाची मग उघडी कशी. काका गडबडले. मला वाटलं आता तरी सांगतील. ते उठले, तुझा स्वेटर उचलून बाजूला ठेवला, खुर्ची मिटली आणि नेऊन आईच्या खुर्चीला टेकवली. मग येऊन जागेवर बसले, डोळे मिटले, आणि सगळ्यांनी मिटले. माझे मिटेनात. त्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी दिसत राहिल्या. मी उठले. तुझी खुर्ची उचलली, तिच्या जागी आणली आणि उघडली. केवढी कुरकुरली रे! सगळ्यांनी डोळे उघडले. भर मौनात मी मोठ्याने म्हटलं की माझा भाऊ जिवंत आहे, धुलाईघरात चादरींना इस्त्री करतो, आणि या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही. वार्ताहर मुलीने ते लिहून घेतलं आणि छापलंही.

भोपळ्या, हे पत्र खरं तर तुला येऊ नकोस असं सांगण्यासाठी लिहायला घेतलं होतं. काकांनी तेच सांगितलंय. निदान गुरुवारी तरी तो दिसायला नको, म्हणतात, दिसला तर उरलीसुरली मतं जातील, आणि तेवढंच बोलून ते माझ्याशी अबोला धरून बसलेत. फौजदारसाहेब कुणाला भेटत नाहीत, काय करतील देव जाणे. मालकीणबाईंनी डबा परत नेला आणि मला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली, म्हणजे आता आपण दोघंही बिनघराचे. कायदा पडला तर तो माझ्यामुळे पडला असं लोक म्हणतील, आणि ते खोटं नसेल; त्या बाकड्यांवरच्यांचे शाप मलाच लागतील. भीती वाटते, खूप वाटते. चार वेळा लिहून पाहिलं येऊ नकोस म्हणून, आणि चारही वेळा फाडलं, कारण ते लिहिणं म्हणजे मीच तुझी खुर्ची मिटल्यासारखं होतं. म्हणून आता नीट वाच. गुरुवारी पहिल्या गाडीने ये. निळाच शर्ट घाल, वरून स्वेटर मी आणते. चपला पायात घालून, दणदण आवाज करत माझा जिना चढ, खोकला आला तर मोकळेपणाने खोक. मग आपण मिळून सज्जात जाऊ, आणि त्यांना ज्याच्याविरुद्ध मत द्यायचंय त्याचं तोंड बघून देऊ देत. येताना जाडसा पुठ्ठा मात्र आठवणीने आण, तुझ्या खुर्चीचा तो आखूड पाय माझ्याच्याने सांभाळला जात नाही.

वाट बघणारी, तुझीच
ताई